एनबीडी क्लायंटमध्ये स्ट्रक्चर्ड रिप्लाय कसा घालायचा: हँडशेकपासून टेस्टिंगपर्यंत

बॅकअपसाठी म्हणा किंवा व्हीएमची इमेज इकडून तिकडे न्यायला म्हणा, नेटवर्कवरची डिस्क वाचणारा स्वतःचा छोटा क्लायंट लिहायची वेळ आली की एनबीडी, म्हणजे नेटवर्क ब्लॉक डिव्हाइस, हा प्रोटोकॉल फार जवळचा वाटतो. १९९७ मध्ये पावेल माचेकने लिनक्ससाठी हे काम सुरू केलं, पोर्ट १०८०९, रिक्वेस्ट २८ बाइटची, उत्तर १६ बाइटचं आणि त्याच्या मागून डेटा, बस एवढंच. एका दुपारी चालणारा क्लायंट लिहून होतो. पण हे साधं उत्तर काही दिवसांनी अडायला लागतं आणि मग स्ट्रक्चर्ड रिप्लाय, म्हणजे तुकड्यातुकड्यांनी येणारं आणि प्रत्येक तुकड्याची माहिती सांगणारं उत्तर, हवा होतो, जो प्रोटोकॉलमध्ये ऑप्शनल आहे, म्हणजे सर्व्हरला येत असेल किंवा नसेलही. हे फीचर आपल्या क्लायंटमध्ये नीट कसं घालायचं ते मी इथे पूर्ण लिहितोय, कारण मला हे करताना जिथे जिथे अडखळायला झालं त्या जागा स्पेक (प्रोटोकॉलचे लिहिलेले नियम) वाचताना पटकन डोळ्यात भरत नाहीत.

आधी हे हवं कशाला ते बघू. साध्या उत्तरात एररचा आकडा सगळ्यात पुढे येतो आणि डेटा नंतर. आता समजा सर्व्हरने शून्य एरर पाठवला, डेटा पाठवायला सुरुवात केली आणि मध्येच डिस्कवर खराब सेक्टर लागला, तर हे तुम्हाला कळवायला त्याच्याकडे जागाच उरलेली नसते, कनेक्शन तोडणं एवढंच हातात राहतं. दुसरं म्हणजे रिकामी जागा. १०० जीबीची डिस्क आहे, खरा डेटा १२ जीबी, उरलेले ८८ जीबी नुसते शून्य, तरी साध्या उत्तरात ते सगळे शून्य वायरवरून येतात. स्ट्रक्चर्ड रिप्लायमध्ये सर्व्हर सांगू शकतो की इथून इथपर्यंत भोक आहे, आणि त्या निरोपाचा आकार २० बाइट हेडर अधिक १२ बाइट पेलोड, एकूण ३२ बाइट. एका वेळी ३२ एमबी वाचत असाल तर ८८ जीबीसाठी २८१६ रिक्वेस्ट, म्हणजे उत्तरांचे मिळून साधारण ९० केबी. फरक एवढा मोठा आहे की एकदा बघितल्यावर मागे जावंसं वाटत नाही. शिवाय ब्लॉक स्टेटस, म्हणजे डिस्कचा कुठला भाग भरलेला आणि कुठला रिकामा हे न वाचता विचारणं, तेही स्ट्रक्चर्ड रिप्लाय ठरल्याशिवाय मिळत नाही.

एक गोष्ट मात्र कोड उघडायच्या आधीच तपासा. तुमचा क्लायंट हँडशेक (सुरुवातीला सर्व्हरशी काय काय वापरायचं ते ठरवणं) करून सॉकेट लिनक्स कर्नलच्या हातात देतो का? एनबीडी-क्लायंट नावाचं नेहमीचं टूल तेच करतं, आणि कर्नलमधल्या ड्रायव्हरला फक्त साधं उत्तर कळतं. तुम्ही हँडशेकमध्ये स्ट्रक्चर्ड रिप्लाय मागितला आणि सॉकेट कर्नलला दिला, तर पहिल्याच रीडला कर्नल अनोळखी मॅजिक (संदेशाच्या सुरुवातीचा ओळखीचा ठरलेला आकडा) बघून कनेक्शन टाकून देणार. म्हणजे ज्याच्या वतीने तुम्ही हो म्हणताय त्याला ते पाळता येतं का, हे आधी बघायचं. हा लेख युजरस्पेसमध्ये स्वतः सॉकेट वाचणाऱ्या क्लायंटसाठी आहे.

तयारी

तीन गोष्टी मशीनवर टाकून ठेवा: एनबीडीकिट आणि क्यूईएमयू-एनबीडी हे दोन एनबीडी सर्व्हर, आणि नेटवर्कवरून काय जातंय ते दाखवणारा वायरशार्क. एनबीडीकिट दोनदा चालवायचा, एका पोर्टवर नेहमीसारखा आणि दुसऱ्या पोर्टवर नो-एसआर हा ऑप्शन देऊन, त्याने तो स्ट्रक्चर्ड रिप्लायला नाही म्हणतो. म्हणजे हो म्हणणारा आणि नाही म्हणणारा असे दोन्ही सर्व्हर पहिल्या दिवसापासून समोर राहतात आणि प्रत्येक बदलानंतर दोन्हींवर धावून बघता येतं. हे नंतर करू म्हणून सोडलं की नाही म्हणणारा रस्ता कोणीच तपासत नाही, आणि गंमत म्हणजे तुमचे सगळे जुने युजर त्याच रस्त्यावर असतात.

स्पेक ही एक मोठी मार्कडाऊन फाईल आहे, एनबीडी प्रोजेक्टच्याच रिपॉझिटरीत. तिच्यात कुठे "केलंच पाहिजे" आहे आणि कुठे "करावं" आहे, हे वाचताना वहीत वेगवेगळं लिहून काढा. मला ही सवय फार उपयोगी पडली कारण पहिल्या यादीतली प्रत्येक ओळ म्हणजे कोडमधली एक तपासणी आणि एक टेस्ट, असा सरळ हिशोब होतो.

हँडशेक: मागायचं कसं आणि नकार घ्यायचा कसा

सगळे आकडे बिग-एंडियन. कनेक्ट झाल्यावर सर्व्हर दोन मॅजिक पाठवतो आणि मग १६ बिटचे फ्लॅग. त्यातला शून्यावा बिट म्हणजे फिक्स्ड न्यूस्टाइल. तो नसेल तर एक्सपोर्ट नेम (कुठली डिस्क हवी ते सांगणारा ऑप्शन) सोडून दुसरा कुठलाही ऑप्शन पाठवायचा नाही, कारण असा सर्व्हर अनोळखी ऑप्शनला नीट उत्तर देईल याची खात्री नसते. बिट असेल तरच पुढे जा, आणि आपल्या बाजूच्या फ्लॅगमध्येही तो बिट लावून पाठवा.

मग ऑप्शन नंबर ८ पाठवायचा, लांबी शून्य, डेटा काही नाही. उत्तरात पाच गोष्टी येतात: मॅजिक, तुम्ही कुठल्या ऑप्शनबद्दल विचारलं होतं तो नंबर, उत्तराचा प्रकार, लांबी, आणि तेवढा डेटा. ऑप्शनचा नंबर तुम्ही पाठवलेलाच आहे का ते बघा. प्रकार १ म्हणजे मान्य. सगळ्यात वरचा बिट, म्हणजे ३१ वा, लागलेला असेल तर कुठल्या तरी कारणाने नकार, आणि "मला हे येत नाही" याचा नंबर २ चा ३१ वा घात अधिक १. इथे माझं मत असं की नकाराची कारणं वेगवेगळी हाताळायच्या फंदात पडू नका, कुठलाही नकार आला की फीचर बंद धरा आणि पुढे चला, फक्त लॉगमध्ये कारण लिहा. एक अपवाद, सर्व्हर "आधी टीएलएस लाव", म्हणजे कनेक्शन एन्क्रिप्ट कर, म्हणत असेल तर ते फीचरबद्दल नाही तर पूर्ण कनेक्शनबद्दल आहे, तिथे थांबावंच लागतं.

आता पहिली खरी खाच. नकाराच्या उत्तरातही डेटा असू शकतो, माणसाला वाचता येईल असा मजकूर. बरेच जण लांबी शून्य असेल असं धरून चालतात, हा मजकूर सॉकेटमध्येच राहतो, आणि पुढच्या ऑप्शनचं उत्तर वाचायला गेलं की मॅजिकच्या जागी इंग्रजी अक्षरं मिळतात आणि आपण सर्व्हरला दोष देत बसतो. तेव्हा लांबी वाचा, ती अवाजवी नाही ना बघा (प्रोटोकॉलमध्ये स्ट्रिंगची मर्यादा ४०९६ बाइट आहे), आणि तेवढे बाइट वाचून टाका.

क्रम हा ठेवा: टीएलएस, मग स्ट्रक्चर्ड रिप्लाय, मग लागणार असतील तर मेटा कॉन्टेक्स्ट (ब्लॉक स्टेटससाठी लागणारा ऑप्शन), आणि शेवटी गो (हँडशेक संपवून डेटाच्या कामाला लागणारा ऑप्शन). टीएलएसच्या आधी ठरलेलं काहीही टीएलएसनंतर धरायचं नाही, सगळं पुसून कोऱ्या पाटीवर परत विचारायचं. याचं कारण नुसतं पुस्तकी नाही. २०२१ मध्ये एनबीडीकिटमध्ये नेमकी हीच चूक सापडली, सीव्हीई-२०२१-३७१६ (सीव्हीई म्हणजे सुरक्षेच्या चुकांना दिला जाणारा जाहीर नोंद क्रमांक). क्लायंट आणि सर्व्हरच्या मध्ये बसलेला हल्लेखोर टीएलएस सुरू व्हायच्या आधी उघड्या कनेक्शनवर स्वतःच स्ट्रक्चर्ड रिप्लायचा ऑप्शन घुसवू शकत होता आणि सर्व्हर ते टीएलएसनंतरही लक्षात ठेवायचा. क्लायंटने कधी मागितलंच नाही अशा प्रकारची उत्तरं त्याला यायला लागायची आणि कनेक्शन तुटायचं. तिथे चूक सर्व्हरची होती, पण क्लायंटलाही हाच नियम लागू आहे.

आणि जे ठरलं ते लिहून ठेवायची जागा म्हणजे कनेक्शनचं स्ट्रक्ट. ग्लोबल नाही, सर्व्हरच्या नावाचं कॅश नाही, कॉन्फिगही नाही. माझ्या पहिल्या व्हर्जनमध्ये मान्य आलं की फ्लॅग खरा व्हायचा, पण नकार आला की खोटा करायची ओळच नव्हती, कारण सुरुवातीला तो खोटाच असतो ना. एका रात्री सर्व्हर बदलला गेला, त्या जागी जुनं व्हर्जन आलं, क्लायंटने रिकनेक्ट केलं, सर्व्हर नाही म्हणाला, पण फ्लॅग मागच्या कनेक्शनमधून खराच राहिला. मग साधं उत्तर आलं की क्लायंट प्रोटोकॉल मोडला म्हणून कनेक्शन तोडायचा, परत जोडायचा, परत तोडायचा, आणि सकाळी बघितलं तर बॅकअप एक पाऊल पुढे गेलेला नव्हता. तेव्हापासून रिकनेक्ट म्हणजे नवीन स्ट्रक्ट, जुन्यातलं काही कॉपी करायचं नाही.

उत्तर वाचणं: दोन रस्ते, एक दार

आधी फक्त ४ बाइट वाचा, मॅजिक. हेक्समध्ये ६७४४६६९८ असेल तर साधं उत्तर, अजून १२ बाइट वाचायचे. ६६८ई३३ईएफ (दशमानात १७२०५९५४३९) असेल तर स्ट्रक्चर्ड चंक, म्हणजे उत्तराचा एक तुकडा, अजून १६ बाइट: फ्लॅग, प्रकार, कुकी, लांबी. तिसरं काही आलं तर सॉकेट बंद. स्ट्रक्चर्ड ठरलेलं नसताना त्याचं मॅजिक आलं तरी बंद. ठरलेलं असताना रीडला साधं उत्तर आलं तर तेही नियमाबाहेर, कारण एकदा ठरलं की रीडची उत्तरं स्ट्रक्चर्डच यायला हवीत. राइट, फ्लश वगैरेंना मात्र सर्व्हर अजूनही साधं उत्तर देऊ शकतो, म्हणून "ठरलं म्हणजे आता सगळं स्ट्रक्चर्ड" असा एकच रस्ता ठेवला तर राइटला पहिल्याच फटक्यात अडकाल. दोन्ही रस्ते कायम लागतात.

कुकी म्हणजे रिक्वेस्टची ओळख, जुन्या कोडमध्ये तिला हँडल म्हणायचे. जुना क्लायंट एक रिक्वेस्ट, एक उत्तर असं चालतो, कुकी जुळली की काम झालं आणि नोंद काढून टाकली. आता एका रीडला अनेक चंक येतात, ते कुठल्याही क्रमाने येऊ शकतात, आणि दोन वेगळ्या रीडचे चंक एकमेकांच्या मध्ये मिसळूनही येतात. शेवटच्या चंकवर डन हा फ्लॅग असतो. तेव्हा प्रत्येक चालू रिक्वेस्टसाठी बफर, ऑफसेट, लांबी, आत्तापर्यंत किती बाइट आले, आणि पहिला एरर कुठला, एवढं धरून ठेवावं लागतं, आणि डन येईपर्यंत ती कुकी दुसऱ्या कामाला वापरायची नाही.

इथे अगदी सहज होणारी एक चूक सांगतो. एरर चंक आला, आपण लगेच कॉलरला एरर परत केला, कॉलरने बफर फ्री केला. पण एरर चंकवर डन नव्हता! मागून त्याच रीडचा डेटा चंक आला आणि आपण फ्री झालेल्या मेमरीत लिहिलं. त्यामुळे एरर आला तर नोंद करा, डनपर्यंत वाचत राहा, मगच कॉलरला कळवा. आणि तुमचं एपीआय असिंक असेल तर कॉलबॅकमधला एरर खरंच कोणीतरी बघतंय का तेही तपासा. एनबीडीकॉपी या डिस्क कॉपी करणाऱ्या टूलमध्ये २०२२ मध्ये सीव्हीई-२०२२-०४८५ निघाली ती याच जातीची, असिंक कमांड संपली म्हणजे यशस्वी झाली असं धरलं जायचं आणि कॉपी केलेली इमेज गुपचूप खराब व्हायची. बॅकअपच्या कामात याहून वाईट काही नाही, कारण हे कळतं रिस्टोअरच्या दिवशी.

चंक उघडताना प्रत्येक आकडा तपासा

हा भाग सावकाश करा. आत्तापर्यंत सर्व्हर फक्त डेटा पाठवत होता आणि तो कुठे ठेवायचा हे आपण ठरवत होतो. आता सर्व्हर सांगतो की हा तुकडा या ऑफसेटला ठेव, म्हणजे आपल्या मेमरीत कुठे लिहायचं हे समोरचा ठरवतोय. २०१९ मध्ये लिबएनबीडीत, म्हणजे एनबीडी क्लायंटच्या लायब्ररीत, यावरूनच सीव्हीई-२०१९-१४८४२ आली. चंकचा ऑफसेट रिक्वेस्टच्या सुरुवातीच्या आधीचा तर नाही ना, ही तपासणी कोडमध्ये होती, पण साइन्ड-अनसाइन्डच्या गोंधळामुळे ती लागूच होत नव्हती. निगेटिव्ह ऑफसेट पाठवून सर्व्हर बफरच्या आधीच्या मेमरीत लिहू शकत होता, आणि बफर स्टॅकवर असेल तर रिटर्न ॲड्रेसच बदलू शकत होता. प्रोटोकॉल जवळून ओळखणाऱ्या लोकांच्या हातून हे झालंय, तेव्हा आपण तर ताक फुंकूनच प्यायला हवं.

डेटा चंक, प्रकार १. पेलोडमध्ये ८ बाइट ऑफसेट आणि मग डेटा. लांबी निदान ९ हवी, आधी हे तपासा आणि मगच त्यातून ८ वजा करा, उलट केलं तर अनसाइन्ड आकडा खाली घसरून प्रचंड मोठा होतो. मग क्रमाने: चंकचा ऑफसेट रिक्वेस्टच्या ऑफसेटपेक्षा लहान असेल तर बंद. दोघांची वजाबाकी करा, ती रिक्वेस्टच्या लांबीपेक्षा मोठी असेल तर बंद. शेवटी, डेटाची लांबी ही रिक्वेस्टच्या लांबीतून ती वजाबाकी काढून उरलेल्यापेक्षा जास्त असेल तर बंद. बेरीज करून तुलना करू नका, ६४ बिटमध्ये बेरीज ओव्हरफ्लो होते, वजाबाकी या क्रमाने केली तर होत नाही. सगळे व्हेरिएबल अनसाइन्ड ठेवा.

होल चंक, प्रकार २. लांबी बरोबर १२ हवी, ८ बाइट ऑफसेट आणि ४ बाइट भोकाचा आकार. तपासण्या तशाच. बफरच्या त्या भागात शून्य स्वतः भरा, बफर आधीच शून्य असेल असं धरू नका, कारण कॉलर तोच बफर परत परत वापरत असतो आणि मग मागच्या रीडचा डेटा भोकाच्या जागी दिसतो.

एरर चंकांच्या प्रकारात १५ वा बिट लागलेला असतो. पेलोडमध्ये ४ बाइट एरर, २ बाइट मजकुराची लांबी, मग मजकूर. एकूण लांबी निदान ६, आणि मजकूर उरलेल्या जागेत बसायला हवा. मजकुराच्या शेवटी शून्य बाइट नसतो हे लक्षात ठेवून कॉपी करा. एररचा आकडा शून्य असेल तर तो एररच नाही, सर्व्हर गडबडलाय. आणि आकडे थेट एररनो म्हणून वापरू नका. वायरवर ७५ म्हणजे ओव्हरफ्लो, लिनक्सवर तो योगायोगाने जुळतो, पण मॅकवर ओव्हरफ्लोचा नंबर ८४ आहे. छोटा टेबल बनवा, अनोळखी आकडा आला तर तो इनव्हॅलिड आर्ग्युमेंट, म्हणजे २२, असा धरा.

प्रकार ० म्हणजे काही मजकूर नाही, नुसतं "झालं". त्यावर डन हवाच आणि लांबी शून्यच हवी.

अनोळखी प्रकार आला तर स्पेकचा नियम साफ आहे: १५ वा बिट लागलेला असेल तर हा रीड फसला असं धरा, पेलोड वाचून टाका आणि कनेक्शन चालू ठेवलं तरी चालेल, बिट नसेल तर कनेक्शन तोडा. या एका बिटमुळे उद्या नवीन एररचे प्रकार आले तरी तुमचा आजचा क्लायंट टिकतो, फार विचार करून केलेली सोय आहे ही.

डन आल्यावर, एरर नसेल तर, आलेल्या बाइटची बेरीज रिक्वेस्टच्या लांबीएवढी आहे का बघा. पण तुकडे एकमेकांवर चढवून सर्व्हर बेरीज जुळवूनही मध्ये जागा न भरलेली ठेवू शकतो, आणि मग तिथे आपल्याच प्रोसेसची जुनी मेमरी डेटा म्हणून बाहेर जाते. म्हणून मी रीड पाठवायच्या आधी बफर एकदा शून्याने भरतो. थोडा वेळ जातो, जाऊ दे.

डीएफ नावाचा एक फ्लॅगही आहे, तुकडे न करता एकाच चंकमध्ये पाठव असं सांगणारा. तो ऑप्शनलच्या आत ऑप्शनल आहे, एक्सपोर्टच्या फ्लॅगमध्ये ७ वा बिट असेल तरच वापरायचा, आणि ६४ केबीपेक्षा मोठ्या रीडला सर्व्हर त्यावर ओव्हरफ्लो म्हणून नकार देऊ शकतो. मला बॅकअपसाठी तो कधी लागला नाही.

टेस्टिंग

एनबीडीकिटवर सगळं हिरवं दिसलं म्हणून थांबू नका. एनबीडीकिट स्ट्रक्चर्ड रिप्लाय बोलतो, पण रीडच्या उत्तरात होल चंक पाठवत नाही, म्हणजे तुमचा भोकाचा कोड एकदाही न चालता टेस्ट पास होतात. त्यासाठी क्यूईएमयू-एनबीडी लागतो. १ जीबीची रिकामी क्यूकाऊ२ (क्यूईएमयूचा डिस्क फॉरमॅट) इमेज करा, क्यूईएमयू-आयओने मध्ये मध्ये काही जागी डेटा लिहा, ती सर्व्ह करा, आणि भरलेल्या व रिकाम्या भागाच्या सीमेवरून जाणारे रीड मुद्दाम करा. वायरशार्कमध्ये होल चंक खरंच दिसतायत का ते डोळ्यांनी बघा. मग तीच इमेज क्यूईएमयूच्या स्वतःच्या टूलने रॉ करून दोन्हींचे एसएचए२५६ जुळवा, आणि तोच रीड नो-एसआरवाल्या सर्व्हरवरूनही करून तिसरा जुळवा.

एररसाठी एनबीडीकिटचा एरर फिल्टर आहे, दहा टक्के रीड फसव असं सांगता येतं. डिले फिल्टर लावून चार-पाच रिक्वेस्ट एकदम हवेत ठेवा, कुकीच्या हिशोबातल्या चुका तिथेच निघतात.

यातला कुठलाच सर्व्हर खोटं बोलणार नाही, म्हणून खोटं बोलणारा स्वतः लिहावा लागतो. पायथनमध्ये दीडेकशे ओळी, हँडशेक नीट करायचा आणि मग रीडला ठरवून चुकीचं उत्तर द्यायचं: ऑफसेट सुरुवातीच्या एक बाइट आधी, ऑफसेट ६४ बिटच्या टोकाला, डेटा चंकची लांबी ५, एररच्या मजकुराची लांबी पेलोडपेक्षा मोठी, दोन वेळा डन, कधीच न मागितलेली कुकी, एररनंतर डेटा. क्लायंट ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं टूल) लावून बिल्ड करा आणि प्रत्येक केसमध्ये तो क्रॅश न होता, न लटकता, स्वच्छपणे कनेक्शन सोडतो का ते बघा (एररनंतर डेटा हे मात्र नियमात बसतं, तिथे फक्त तो रीड फसायला हवा). माझ्याकडे "दोन वेळा डन" मध्ये डबल फ्री निघाला होता, खऱ्या सर्व्हरवर तो कदाचित कधीच दिसला नसता.

फीचर न मागण्याचा एक स्विच युजरला द्या, आणि कनेक्ट होताना लॉगमध्ये एक ओळ येऊ द्या की स्ट्रक्चर्ड रिप्लाय ठरला की नाही. रात्री दोन वाजता कोणाला काही शोधायचं असेल तर आधी ती ओळ बघतील.

कमिट करताना क्रम उलटा ठेवा. आधी साधं उत्तर वाचणारा कोड वेगळ्या फंक्शनमध्ये काढा, वागणं तसंच ठेवून. मग रिक्वेस्टची नोंद डनपर्यंत टिकणारी करा. मग चंक वाचणारा कोड आणि त्याच्या टेस्ट. ऑप्शन नंबर ८ पाठवणारी ओळ सगळ्यात शेवटच्या कमिटमध्ये, एकटी, म्हणजे काही बिनसलं तर तेवढा एक कमिट मागे घेतला की जुना क्लायंट जसाच्या तसा परत मिळतो आणि खालचं सगळं काम जागेवर राहतं.